गिधाड कुणाच्या हद्दीतलं?

मागच्या भाषणात आपण गटाच्या नोंदवह्यांबद्दल बोललो होतो. आजही नोंदवहीचीच गोष्ट आहे, पण वही आपली नाही. पक्षी बघणाऱ्यांची आहे.

गेल्या उन्हाळ्यात बैठकीसाठी मी प्राणहितेच्या काठच्या एका गावात गेले होते. बैठक लवकर आटोपली. नदीवर गेले तर काठावर चौघं जण दुर्बिणी लावून उभे. तिघं आपल्या विदर्भातले, एक तेलंगणातला. पात्रात पाणी कमी होतं आणि मधोमध वाळूचा मोठा पट्टा उघडा पडला होता. त्या वाळूवर एक गिधाड बसलं होतं. लांब चोचीचं. ते दिसलं म्हणून चौघांनाही आनंद झाला होता. पण पाचच मिनिटांत त्यांचा वाद सुरू झाला, की हे गिधाड लिहायचं कुठं? महाराष्ट्राच्या यादीत की तेलंगणाच्या?

एक म्हणाला, "आपण महाराष्ट्रात उभे आहोत, म्हणून महाराष्ट्र." दुसरा म्हणाला, "आपण कुठं उभे आहोत ते सोडा, पक्षी कुठं बसलाय ते बघा." तिसऱ्याने मोबाइलवर नकाशा काढला. नकाशात हद्दीची रेघ पाण्यातून जात होती, पण नकाशातलं पाणी आणि समोरचं पाणी काही जुळेना. तेलंगणाचा पाहुणा नुसता हसत होता.

शेवटी त्यांनी आमच्या गटातल्या अक्कांना विचारलं. अक्का आणि त्यांचे मालक डोंगा चालवतात, मासे धरतात. अक्का म्हणाल्या, "ते राबंदु ना? सकाळी तिकडून येते, पाणी पिते, रात्री तिकडंच झोपते."

"म्हणजे तेलंगणाचं झालं!"

"मले काय माहीत, बाबा. मेलेलं ढोर तर इकडचं खाते."

सगळे हसले. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. बी.ए.ला माझा इतिहास विषय होता, राजे आणि लढाया पाठ केल्या होत्या. पण आपल्या दारातल्या नदीत ही रेघ कुणी मारली, हे कुणी शिकवलं नव्हतं. मग मी वाचलं, विचारलं. जे समजलं ते आज सांगते.

आधी पक्ष्यांच्या हिशोबाचा नियम. पक्षी बघण्याचा छंद असलेली माणसं यादी ठेवतात: माझ्या गावात किती जाती पाहिल्या, जिल्ह्यात किती, राज्यात किती. अमेरिकेत या छंदाचं फार वेड आहे आणि तिथल्या पक्षीनिरीक्षकांच्या संघटनेने नियमही करून ठेवले आहेत. नियम साधा आहे. पाहणारा कुठं उभा आहे याला महत्त्व नाही, पक्षी कुठं आहे याला आहे. तुम्ही या काठावर असाल आणि पक्षी पलीकडच्या झाडावर असेल, तर तो पलीकडच्या राज्यात धरायचा.

नियम साधा, पण पक्षी नदीत बसला की अवघड. कारण मग नदी कुणाची ते ठरवावं लागतं. अमेरिकेत ओहायो नावाची मोठी नदी आहे. तिच्या उत्तरेला ओहायो राज्य, दक्षिणेला केंटकी. आपल्याला वाटेल की हद्द मधोमध असेल. तसं नाही. जवळजवळ सगळी नदी केंटकीची आहे. १७९२ साली केंटकी राज्य झालं, तेव्हा उत्तरेच्या काठाला उन्हाळ्यातलं कमी पाणी जिथपर्यंत होतं, तिथं हद्द. हा वाद तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० साली न्यायालयाने सांगितलं की आजच्या पाण्याची रेघ धरायची नाही, १७९२ची धरायची. म्हणजे ओहायोच्या काठावर उभं राहून पाण्यातलं बदक पाहिलं, तर ते बहुतेक केंटकीचं! राजे गेले, दोनशे वर्षं गेली, तरी बदकाचा हिशोब जुन्या कागदावर चालतो.

आता आपल्या प्राणहितेकडे येऊ. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ मिळतात, तिथून पुढे नदीचं नाव प्राणहिता. साधारण ११३ किलोमीटर वाहते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. समोर कालेश्वराचं देऊळ. या सगळ्या वाटेवर डावा काठ आपला गडचिरोलीचा आणि उजवा काठ तेलंगणाचा.

ही वाटणी भाषेवरून झालेली नाही. सिरोंच्यात आजही घराघरात तेलुगू बोलतात. आमच्या बैठकीत मराठीत सुरू झालेलं वाक्य तेलुगूत संपतं. रोटी-बेटीचा व्यवहार दोन्ही काठांवर आहे. दर बारा वर्षांनी प्राणहितेचं पुष्कर भरतं, मागचं २०२२च्या एप्रिलमध्ये झालं. तेव्हा दोन्ही काठांवर एकच गर्दी असते. मग रेघ आली कुठून?

ती आली १८६० साली, एका करारातून. त्याआधी सिरोंचा निजामाच्या हैदराबाद राज्यात होतं. १८६०च्या डिसेंबरमध्ये इंग्रज आणि निजाम यांच्यात तह झाला. निजामाने गोदावरी आणि वैनगंगेच्या डाव्या काठावरचे आपले तालुके इंग्रजांना दिले. त्यात सिरोंचा होतं, भद्राचलम होतं, आणखीही होते. तेव्हाच्या कागदात आपल्या प्राणहितेलाही वैनगंगाच म्हटलं आहे. बदल्यात निजामाला काय मिळालं? रायचूरचा दुआब आणि आपलं धाराशिव परत मिळालं, शोरापूर मिळालं, आणि पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं.

बघा मैत्रिणींनो, आपल्या एखाद्या गटावर कर्ज असलं की हप्त्यासाठी आपली झोप उडते. इथं पन्नास लाखांचा हिशोब मिटवताना माणसांनी भरलेले तालुके या वहीतून त्या वहीत गेले. सिरोंच्याच्या बायांना कुणी विचारलं नसेल. त्या झोपल्या निजामाच्या राज्यात आणि उठल्या इंग्रजांच्या.

इंग्रजांना हा काठ कशाला हवा होता? कापसासाठी. वऱ्हाडचा आणि नागपूरकडचा कापूस समुद्रावर न्यायचा, तर तेव्हा बैलगाड्यांशिवाय मार्ग नव्हता. त्यांना वाटलं, गोदावरीतून बोटी चालवल्या तर माल थेट पूर्वेच्या बंदरावर जाईल. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरचा बंधारा बांधणारे इंजिनिअर आर्थर कॉटन यांचा या कल्पनेवर मोठा भर होता. म्हणून तहात एक कलम घातलं: ही नदी जिथं दोन राज्यांची हद्द आहे, तिथं बोटींना मोकळी वाट राहील, कुणी जकात घ्यायची नाही. सिरोंच्याला नव्या अपर गोदावरी जिल्ह्याचं ठाणं झालं.

पण नदीने ऐकलं नाही. वाटेत तीन ठिकाणी खडकांचे मोठे अडथळे आहेत. पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंचमपल्लीला आणि तिसरा आपल्या अहेरी तालुक्यातल्या देवलमरीला. खडक फोडायला, कालवे खोदायला खूप खर्च झाला. तोवर रेल्वे आली. १८७१ साली बोटींचं काम सोडून दिलं. नंतर तो जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडलं. म्हणजे ज्या कामासाठी रेघ मारली ते काम बुडालं. रेघ मात्र राहिली.

आणि त्या रेघेच्या दोन्ही बाजूंची नावं किती वेळा बदलली ते ऐका. आपला काठ निजामाचा होता, मग इंग्रजांच्या मध्य प्रांतात गेला. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात, १९५६ला मुंबई राज्यात, १ मे १९६०ला महाराष्ट्रात. १९८२ला चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. पलीकडचा काठ १९४८पर्यंत निजामाचा, मग हैदराबाद राज्य, १९५६ला आंध्र प्रदेश, २ जून २०१४ला तेलंगणा. तिथला आदिलाबाद जिल्हा २०१६ला तुटला आणि एका नव्या जिल्ह्याला कुमराम भीम यांचं नाव मिळालं. जल, जंगल, जमिनीसाठी निजामाशी लढून १९४० साली जोडेघाटला मारले गेलेले, ते भीम.

आता पुन्हा गिधाडाकडे. पलीकडे बेज्जूरच्या जंगलात पेद्दवागू नावाची नदी प्राणहितेला मिळते. तिथं पालारापू नावाचा उभा कडा आहे. २०१३ साली त्या कड्यावर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी सापडली. तेव्हा ती आंध्र प्रदेशची गिधाडं म्हणून नोंदली गेली. पुढच्याच वर्षी ती तेलंगणाची झाली. गिधाड जागचं हललं नाही. त्याच कड्यावर, त्याच घरट्यात बसून त्याचं राज्य बदललं. आणि रोज खाणं शोधायला ते नदी ओलांडून आपल्याकडे येतं. गिधाडाला दिवसात शंभर किलोमीटर फिरणं अवघड नाही. अक्का चुकीचं बोलल्या नव्हत्या.

नदीतल्या हद्दीची आणखी एक अडचण आहे. नदी जागा बदलते. एका पुरात इकडची जमीन कापते आणि तिकडे वाळू टाकते. याबद्दल फार जुना न्याय असा आहे: नदी हळूहळू सरकली तर हद्द तिच्याबरोबर सरकते, पण एका पुरात नवी वाट फोडून गेली तर हद्द जुन्या जागीच राहते. बंगालमध्ये इंग्रजांनी १८२५ साली शेतजमिनींसाठी असा कायदाच केला होता. पण हळूहळू म्हणजे किती, आणि अचानक म्हणजे किती, हे कोण ठरवणार?

बिहार आणि उत्तर प्रदेशाने हे फार भोगलं. गंगा आणि घाघरा या नद्या त्यांची हद्द होत्या आणि खोल धारेवरून हद्द मोजायची पद्धत होती. धार सरकली की गाव या राज्यातून त्या राज्यात. पेरणी एका राज्यात, कापणी दुसऱ्यात. पिकावर दोन्हीकडचे हक्क सांगायचे, मारामाऱ्या व्हायच्या, सारा कुठं भरायचा ते कळायचं नाही. शेवटी चंदूलाल त्रिवेदी यांना लवाद नेमलं आणि त्यांच्या निवाड्यावरून संसदेने १९६८ साली कायदा केला: आता हद्द जमिनीवर कायमची ठरवू, नदी कुठंही जावो. यमुनेसाठी हरियाणा आणि उत्तर प्रदेशाचा असाच कायदा १९७९ साली झाला. म्हणजे नदीला हद्द करून चालत नाही, हे समजायला सरकारलाही इतकी वर्षं लागली.

तुम्ही म्हणाल, समन्वयक ताई, गिधाड या वहीत लिहिलं काय आणि त्या वहीत लिहिलं काय, आपल्याला काय फरक पडतो? मलाही आधी तसंच वाटलं. पण फरक पडतो. ज्या वहीत गिधाड नाही, त्या राज्यात त्याच्यासाठी पैसा नाही, राखणदार नाही. "आमच्याकडे गिधाड नाहीच" असं एकदा कागदावर आलं की त्याच्या नावाने काही करायचं कारणच उरत नाही.

आणि गिधाडाला राखणदाराची गरज आहे. आपल्या आयांनी मेलेल्या ढोरावर गिधाडांचे थवे पाहिलेत. आपल्या मुलांनी नाही पाहिले. १९९०नंतर गिधाडं भराभर मरू लागली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर हजारात एखादं उरलं. कुणी म्हणे साथ आली, कुणी म्हणे खाणं कमी झालं. २००४च्या सुमाराला कारण सापडलं. जनावरांना ताप आणि सुजेवर जे डायक्लोफेनॅक टोचत होते, ते औषध. इंजेक्शन दिलेलं जनावर मेलं आणि ते गिधाडाने खाल्लं की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होतात आणि ते मरतं. २००६ साली सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केलं. २०२३ साली किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक या दोन औषधांवरही जनावरांसाठी बंदी आली. मेलोक्झिकॅम गिधाडाला बाधत नाही, जनावरालाही लागू पडतं.

हे औषध आपल्याच गोठ्यात येतं, मैत्रिणींनो. गटाच्या कर्जातून घेतलेली गाय आजारी पडली की डॉक्टरांना बोलावणारी बहुतेक वेळा आपणच असतो. "कोणतं इंजेक्शन देता, मेलोक्झिकॅम आहे ना?" एवढं विचारायला शिक्षण लागत नाही. गिधाडाची मादी वर्षात एकच अंडं घालते. त्यामुळे गेलेलं गिधाड भरून यायला वर्षं जातात. आपल्या काठावर चुकीचं इंजेक्शन दिलं तर पलीकडच्या कड्यावरचं पिल्लू उपाशी राहतं. त्याच्या आईला आपली हद्द माहीत नसते.

आता मला जे खरं बोचलं ते सांगते. त्या दिवशी बैठकीत एक सून गप्प बसून होती. माहेर पलीकडचं, लंबाडा समाजातली. डोंग्याने आली तर अर्ध्या तासाची वाट. तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातीत मोडतात, १९७६च्या कायद्याने. आपल्याकडे हाच समाज बंजारा म्हणून विमुक्त जातीत आहे. लग्न करून ती नदी ओलांडून आली आणि तिच्या माहेरचा दाखला इकडे चालेना. इकडचा दाखला काढायचा, तर तिच्या वडील-आजोबांचं महाराष्ट्रातलं वास्तव्य दाखवावं लागतं. विमुक्त जातीसाठी ते २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचं, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०च्या आधीचं. तिचे वडील तर पलीकडच्या काठावर. आणि गंमत बघा, १९५० साली हा आपला काठसुद्धा महाराष्ट्रात नव्हता, मध्य प्रदेशात होता. महाराष्ट्र व्हायलाच आणखी दहा वर्षं होती!

पक्ष्याचा नियम म्हणतो, पक्षी जिथं बसलाय तिथं धरा. बाईचा नियम म्हणतो, बाई जिथं बसलीय ते सोडा, तिचा बाप कुठं बसला होता ते सांगा. दाखल्यांच्या नियमांना त्यांची कारणं आहेत, खोट्या दाखल्यांनी खऱ्यांचा हक्क जातो हे मलाही माहीत आहे. पण नदीकाठच्या सुनांचं काय, याचा विचार त्या कागदात कुठं दिसत नाही.

पाण्याचंही तसंच. गोदावरीवर मेडीगड्डाचं धरण २०१९च्या जूनमध्ये सुरू झालं. एक टोक तेलंगणात, दुसरं टोक आपल्या सिरोंचा तालुक्यात. त्याच्या फुगवट्याच्या पाण्याने आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, मोबदल्यासाठी त्यांना आंदोलनं करावी लागली. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये त्याच धरणाचे खांब खचले. धरण एका राज्याने बांधलेलं, शेत दुसऱ्या राज्यातलं. अर्ज घेऊन जायचं ते कोणत्या दारात, हा प्रश्न तिथल्या बायांना विचारा. गिधाड बघणाऱ्यांचा वाद ऐकून त्या का हसल्या नाहीत, ते मला नंतर कळलं.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. काठावरच्या गटांनी आपल्या वहीत दोन पानं जास्तीची ठेवावीत. एका पानावर, गटातल्या किती जणींचं माहेर नदीपलीकडे आहे आणि कुणाचा कोणता कागद अडला आहे ते लिहावं. एकटीने विचारलं तर उत्तर मिळत नाही. प्रभागातल्या सगळ्या गटांनी मिळून आकडा दाखवला, तर निदान ऐकून घ्यावं लागतं. दुसऱ्या पानावर गिधाड दिसलं तर तारीख, जागा आणि किती दिसली ते लिहावं. वनविभागालाही त्या नोंदीचा उपयोग होतो. आणि नोंद करणारी बाई अक्कांसारखी रोज नदीवर असते. पाहुणे वर्षातून एकदा येतात.

त्या दिवशी त्या चौघांनी काय लिहिलं, हे सांगायचं राहिलं. ते वाद घालत असताना गिधाड उठलं. पंख पसरून दोन फेऱ्या आपल्या काठावरून मारल्या आणि मग पालारापूच्या दिशेने गेलं. ते उडालं तेव्हा दोन्ही हद्दींतून गेलं हे नक्की. मग चौघांनी ते दोन्ही राज्यांच्या यादीत लिहिलं आणि खुशीत चहा प्यायला गेले.

मी त्या सुनेकडे बघितलं. ती म्हणाली, "त्याचं बरं आहे, ताई. उडालं की झालं."

पुढच्या बैठकीत तिच्या कागदांची पिशवी घेऊन बसायचं आम्ही ठरवलं आहे. तुमच्या गटात अशी कुणी असेल, तर तुम्हीही बसा.